गुडघ्याची हद्द

माझा उजवा गुडघा पेठच्या डोंगरात गेला. मोजणी खात्यात मी बत्तीस वर्षे काढली आणि त्यांपैकी निम्मी त्या बाजूला. लोखंडी साखळी ओढत उतारावरची शेते मोजायची म्हणजे एक पाय वर आणि एक पाय खाली ठेवून दिवसभर उभे राहायचे. माझा उजवा पाय नेहमी खाली असे. त्याला कारण काही नव्हते. सवय होती.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी निवृत्त झालो. तेव्हा तो गुडघा पुरता वाकत नव्हता आणि पुरता सरळही होत नव्हता. आमचे घर गंगापूर रोडला. निवृत्तीच्या पाच वर्षे आधीपासूनच, सकाळी फिरायला निघालो की पत्नी पंधरा पावले पुढे जाई, थांबे आणि झाडाकडे पाहत असल्यासारखे दाखवी. मी गाठले की पुन्हा निघे. त्या रस्त्यावरचे प्रत्येक झाड तिने अशा रीतीने पाहिले. आम्ही याविषयी कधी बोललो नाही.

दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तो गुडघा काढून धातूचा आणि प्लास्टिकचा बसवला. त्या काळी आमच्या ओळखीत असे कुणी केले नव्हते. घरी आल्यावर लोक पाहायला येऊ लागले; नव्या घेतलेल्या म्हशीला पाहायला येतात, तसे. एकाने विचारले, पावसात गंजतो का. मी म्हणालो, गंजत नाही. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, मग तेल कधी घालायचे.

गुडघा उत्तम चालला. तीन महिन्यांनी पत्नी आणि मी बरोबरीने चालू लागलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा पेरूच्या आणि द्राक्षांच्या बागा होत्या. चालताना बोलता येते हे मी आठ वर्षांत विसरलो होतो. पत्नी मात्र विसरली नव्हती. आठ वर्षांचे साठलेले तिने त्या हिवाळ्यात बोलून संपवले आणि पुढच्या उन्हाळ्यात नवे सुरू केले.

रुग्णालयातून निघताना सर्जनने छापील सूचनांचा एक इंग्रजी कागद दिला होता. मी त्याचा मराठी तर्जुमा केला, कलमांना आकडे घातले आणि स्वच्छ अक्षरात लिहून दाराच्या मागे लावला. कलमे नऊ होती. मांडी घालून बसू नये. उकिडवे बसू नये. जड ओझे उचलू नये. पहिली आठ कलमे मी काटेकोर पाळली. लग्नाच्या पंगतीत सारे पाटावर बसत आणि मी एकटा खुर्चीवर, समोर स्टूल घेऊन. वाढपी बहुधा मला विसरत आणि आठवले की भीतीने दुप्पट वाढत.

नववे कलम असे होते: शरीरात कोठेही गळू, जखम अथवा दाताचा विकार उद्भवल्यास विलंब न लावता उपचार घ्यावेत व उपचार करणाऱ्यास कृत्रिम सांध्याची माहिती द्यावी. हे कलम मी उतरवून घेतले, पण मान्य केले नाही. माझे आयुष्य लोकांना हद्दी दाखवण्यात गेले होते. एका शेताचा दुसऱ्या शेताशी संबंध असेल, तर मध्ये वाट, ओहोळ किंवा बांध असतो आणि तो नकाशात दिसतो. दात आणि गुडघा यांच्यामध्ये मला असे काहीच दिसत नव्हते. दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे कलम छापखान्याच्या चुकीने इकडे आले असावे, असे मी ठरवले.

पाच वर्षे त्यावाचून काही अडले नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझी उजवीकडची मागची दाढ दुखू लागली. गाल सुजला. पत्नीने दाताच्या डॉक्टरकडे जायला सांगितले. मी लवंगेचे तेल लावले. चार दिवसांनी हिरडीतले गळू आपोआप फुटले, ठणका थांबला आणि मी तो विषय संपला असे मानले. पुढच्या आठवड्यात मला थंडी वाजून ताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता आणि हात लावला तर तव्यासारखा तापला होता.

मी पत्नीला सांगितले, जास्त चालणे झाले. ती म्हणाली, "आपण बरोबरच चाललो. माझा कुठे सुजलाय?"

मी पांघरूण घेऊन पडलो. ती डॉक्टरांना बोलावते म्हणाली. मी दोन दिवस थांब म्हणालो. डॉक्टर मला मुंबईला पाठवतील हे मला कळत होते आणि मुंबईत ते काय म्हणतील ते मला ऐकायचे नव्हते. हा गुडघा गेला तर पुढे काय, याचा विचार मी पाच वर्षांत केला नव्हता.

चौथ्या दिवशी माझी थोरली बहीण घोटीहून आली. तिची भातशेती. कापणी झाली, झोडणी झाली की दर वर्षी ती नव्या तांदळाची पिशवी घेऊन येई आणि दोन दिवस राहून जाई. तिला मी अक्का म्हणे. ती सत्तरीची होती. आवणीच्या दिवसांत सुनांच्या बरोबरीने चिखलात वाकून भात लावत असे.

तिने पिशवी ठेवली, गुडघ्यावरचे पांघरूण बाजूला केले आणि पाहिले.

"मी जल्मभर चिखलात वाकले, माझे गुडघे जागच्या जागी हायत," ती म्हणाली. "तू सरकारी बूट घालून हिंडलास, तुझे इकत आणावे लागले. आन् आता तेबी नासले."

"एकच आणला, अक्का."

"दुसऱ्याची नड पडू नये म्हणून आले मी." तिने कमरेचा बटवा काढला आणि त्यातून एक बिब्बा काढून हातावर ठेवला. अंग दुखले, पाय मुरगळला, काहीही झाले की तापलेल्या सुईने बिब्ब्याचे तेल टोचायचे, हा तिचा एकमेव इलाज होता आणि त्याने लोक बरे झाल्याचे ती सांगे. नाही झाले त्यांच्याविषयी सांगत नसे.

पत्नी खाटेच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभी राहिली. "वन्सं, त्या गुडघ्यात धातू आहे."

"मंग काय झालं? बैलाच्या खुराला पत्री मारतात, तीबी लोखंडाचीच असती. बैल मरतो का?"

"बैलाला बिब्बा लावता का तुम्ही?"

"लावते तर."

पत्नी हलली नाही. अक्काने बिब्बा बटव्यात परत ठेवला. आधी जेवू दे, मग बघू, म्हणाली. पत्नीने मला दुधात कुस्करलेली भाकरी आणून दिली. मी खाऊ लागलो. अक्का समोर भिंतीला टेकून बसली होती आणि जनावर रवंथ करताना पाहावे तशी माझ्याकडे पाहत होती.

"डावीकडनंच का खातोस?"

"उजवीकडची दाढ दुखत होती. आता बरी आहे."

"बरी हाय तर खा की उजवीकडनं."

मी खाऊन दाखवायला गेलो आणि थांबलो. तिने जवळ येऊन माझा जबडा धरला. पासष्ट वर्षांच्या माणसाचा जबडा असा कुणी धरत नाही. "आ कर." मी केला. तिने वास घेतला आणि तोंड फिरवले. "हे कधीपासनं?"

मी सांगितले. दाढ, गाल, गळू फुटणे, त्यानंतर आठ दिवसांनी ताप, त्यानंतर गुडघा. पत्नी दारापाशी उभी राहून ऐकत होती. मी पुढे हेही सांगितले की या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. एक वर, एक खाली. मध्ये सारे अंग आहे. हद्दी वेगळ्या आहेत.

"भाऊ," अक्का म्हणाली, "तू भाताचं खाचर पाह्यलंस का कधी?"

"हजारो मोजली."

"मोजलीस. पाह्यलीस का, इचारते मी. वरच्या खाचरात औषध मारलं का दुसऱ्या दिवशी खालच्या खाचरातले खेकडे मरून पडत्यात. बांध फुटलेला नसतो. कुटंबी फुटलेला नसतो. पाणी खालून झिरपतं. तू घातलेला बांध कागदावर ऱ्हातो."

मी काठी घेतली, उठलो आणि दाराच्या मागे जाऊन नववे कलम वाचले. त्यात चूक सापडली नाही. अक्षर माझेच होते.

पत्नी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "हे मी रोज वाचायचे," ती म्हणाली. "दार पुसताना. तुम्हीच लिहिलंय, तेव्हा म्हटलं, तुम्हाला माहीत असेल."

आमच्या गल्लीतले डॉक्टर वयाने लहान होते आणि मला काका म्हणत. ते लगेच आले. त्यांनी गुडघा पाहिला, दाढ पाहिली आणि बसून घेतले. "बिब्बा वगैरे काही लावला नाही ना?"

"नाही," पत्नी म्हणाली. अक्काने बटव्यावर पदर ओढला.

डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातून मुंबईला ट्रंक कॉल लावला. परत आले ते निरोप घेऊनच: आजच निघा आणि निघाल्यापासून पोटात काही घालू नका. मी अक्काला घोटीला सोडतो म्हणालो, रस्त्यातच आहे. ती म्हणाली, सोडू नको, मी मुंबईलाच येते. भाड्याची अ‍ॅम्बेसेडर ठरवली. डॉक्टरांनी घोटीच्या एका दुकानात फोन करून तिच्या मुलाला निरोप दिला तो कपड्यांसाठी. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तो कपड्यांच्या गाठोड्याबरोबर एक मोठा डबाही घेऊन उभा होता. डब्यात नव्या तांदळाचा भात आणि पिठले होते.

"आजार घेऊन उपाशी जाऊ नये माणसानं," अक्का म्हणाली.

मला मनाई होती. ड्रायव्हरला नव्हती, पत्नीला नव्हती आणि अक्काला तर नव्हतीच. कसाऱ्याचा घाट मी पिठल्याच्या वासात उतरलो. ताप असूनही भूक लागते, ही माहिती मला नवी होती. अर्ध्या घाटात पत्नीने हात धुतले आणि मला म्हणाली, "मीठ जरा कमी होतं." हे माझ्या समाधानासाठी होते. पिठले चांगले झाले होते, ते वासावरून कळत होते.

सर्जन ठेंगणे होते आणि वेगाने बोलत. त्यांनी सुईने गुडघ्यातले पाणी काढले. ते गढूळ होते. त्यांनी ते उजेडात धरले.

"गुडघा सुजून किती दिवस झाले?"

"चार."

"मग अजून हातात आहे. जंतू रक्तातून आले आणि सांध्यात उतरले. त्यांना धातूला चिकटून बसायला वेळ लागतो. एकदा बसले की औषध तिथवर पोचत नाही. आज मी गुडघा उघडून धुतो, प्लास्टिक बदलतो, धातू तसाच ठेवतो. मग सहा आठवडे औषध. शेवटी पुन्हा पाणी काढून पाहू. जंतू निघाले नाहीत, तर गुडघा तुमचा."

"निघाले तर?"

"सांधा काढायचा आणि मांडीचं हाड खालच्या हाडाला सांधून टाकायचं. पाय दुखणार नाही. वाकणारही नाही."

"कायमचा?"

"कायमचा."

मी बरे म्हणालो. पत्नीने विचारले, "चालता येईल?" ते म्हणाले, येईल, हळूहळू, पाय ओढत. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर झाड नव्हते.

तीन आठवडे मी त्या रुग्णालयात होतो. शिरेतून औषध चाले. दाढ तिथेच काढली. अक्काला वॉर्डात राहण्याची परवानगी नव्हती. पत्नीबरोबर ती जवळच्या एका धर्मशाळेत उतरली आणि भेटीच्या वेळी येऊन शेजारच्या खाटांवरच्या लोकांची चौकशी करू लागली. चौथ्या दिवशी ते लोक माझ्याऐवजी तिची वाट पाहू लागले. एकाने मला विचारले, आज मावशी उशिरा का. बिब्ब्याविषयी त्यांच्यापैकी दोघांनी तिच्याकडे चौकशी केल्याचे मला नंतर कळले. सर्जनच्या कानावर ते गेले नाही.

घरी आल्यावर उरलेले तीन आठवडे डॉक्टर रोज स्कूटरवरून येऊन इंजेक्शन देत. अक्का राहिली. शेतात त्या दिवसांत काम नव्हते आणि असते तरी ती राहिली असती. दुपारी पत्ते चालत. त्या दोघी चटईवर बसत आणि मी आठ कलमांना अनुसरून खुर्चीवर. पाच-तीन-दोनचा डाव असे. मी सतत जिंकत होतो. अक्का म्हणे, आजारी माणसाला हात लागतो. पत्नी काही म्हणत नसे. पंधराव्या दिवशी ती खेळता खेळता उठली, माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली आणि खाली पाहिले.

"वन्सं," ती म्हणाली, "इथून तुमचे सगळे पत्ते दिसतात."

अक्काने आपल्या हातातल्या पत्त्यांकडे पाहिले, मग वर माझ्याकडे. "बत्तीस वर्षं सरकारची नोकरी केली म्हणे यानं."

"मी पाहिले नाहीत," मी म्हणालो. "दिसले."

त्यानंतर ती पत्ते पदराखाली धरू लागली आणि मी हरू लागलो. हरणे मला जड गेले नाही. त्या दिवसांत घरात जितके हसणे झाले तितके मुलांची लग्ने झाल्यापासून झाले नव्हते. एरवी आमच्या घरात घड्याळाचा आवाज ऐकू येतो.

तरीही सकाळी जाग आली की मी पांघरुणाखालून गुडघ्याला हात लावून पाही. थंड असे. रोज थंड असे. पण थंड असण्यावरून काही सिद्ध होत नाही, असे सर्जन म्हणाले होते. चाचणीसाठी मुंबईला जाण्याच्या आदल्या दिवशी मी घराच्या मागच्या अंगणात उजवा पाय ताठ धरून, न वाकवता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिले. जमते का ते पाहायचे होते. जमत होते. वळलो तर पत्नी मागच्या दारात उभी होती.

"कशाला?" ती म्हणाली.

"सवय असावी."

"नसू दे," ती म्हणाली आणि आत गेली.

मुंबईला गेलो. सर्जनने पाणी काढले. ते स्वच्छ होते, पण त्यांनी ते पाच दिवस ठेवून तपासायला दिले आणि फोनवर कळवतो म्हणाले. आम्ही परत आलो. त्या पाच दिवसांत कुणी पत्ते काढले नाहीत. अक्काने घरातले सर्व तांदूळ निवडले, मग पत्नीने आधीच निवडलेली डाळ निवडली.

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांची स्कूटर फाटकाशी थांबली. ते एरवी ती स्टँडवर लावून आत येत. त्या दिवशी लावली नाही. ती कुंपणाला टेकून आडवी झाली आणि तशीच राहिली.

"काका, काही नाही," ते म्हणाले. "म्हणजे जंतू नाहीत. एकही नाही."

मी ठीक आहे म्हणालो. पत्नी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. अक्काने डॉक्टरांना बसवले, नव्या तांदळाची खीर होईपर्यंत उठू दिले नाही आणि विचारले, "आता तरी बिब्बा लावू का थोडा? बाजूनं?" डॉक्टर म्हणाले, "आजी, लावायचाच असेल तर माझ्या खांद्याला लावा. स्कूटर उचलायची आहे."

दुसऱ्या दिवशी अक्का निघाली. मी म्हणालो, सी.बी.एस.च्या बसस्थानकापर्यंत चालत जाऊ. पत्नीने माझ्याकडे पाहिले, पण रिक्षा बोलावली नाही. आम्ही तिघे गंगापूर रोडने चाललो. मध्ये एकदाच थांबलो, तेही अक्काला द्राक्षे घ्यायची होती म्हणून. तिने तीन घडांचे दाणे चाखले आणि चौथा घेतला.

घोटीची गाडी लागलेली होती. मी अक्काची पिशवी घेऊन पायऱ्या चढलो. आधी डावा पाय, मग उजवा, शिकवल्याप्रमाणे. खिडकीजवळची जागा पाहून तिला बसवले आणि पिशवी वर ठेवत होतो, तोच कंडक्टरने घंटी दिली.

"आजोबा, उतरणार का?"

मी खिडकीतून खाली पाहिले. पत्नी फलाटावर उभी होती. मी उतरणार होतो. पण मी कंडक्टरला म्हणालो, "थांबा जरा," आणि पत्नीला विचारले, "घराला कुलूप आहे?"

"आहे."

"गॅस?"

"बंद आहे." तिने किल्ली कमरेला खोचली आणि गाडीत चढली. "तीन घोटी," ती कंडक्टरला म्हणाली.

"येडी झालीत दोघंबी," अक्का म्हणाली आणि खिडकीकडे सरकून तिला जागा करून दिली. "भात टाकायला सांगते गेल्यावर. अन् पिठलं. त्या दिवशी याला मिळालं नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी कडेला बसलो. गाडी भरलेली होती. सवयीने मी उजवा पाय पुढे, मधल्या वाटेत पसरला होता. तिकिटे फाडत कंडक्टर मागे जायला निघाला तो माझ्यापाशी अडला.

"आजोबा, पाय आत घ्या."

मी गुडघा वाकवला आणि पाय आत घेतला.